वरची पायरी

आपल्या शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा ‘व्यायामाचे महत्त्व’ हा विषय प्रथम आमच्या मनात आला. विषय निर्धोक होता. त्यावर कोणी रागावत नाही आणि कोणी फारसे वाचतही नाही. परंतु ज्या शाळेच्या फळ्यासमोर आम्ही आठ वर्षे उभे राहिलो, तेथील मुलांना व त्यांच्या आईवडिलांना उपदेशाची पुडी बांधून पाठविण्यापेक्षा आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगावी, हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल असे वाटले. मास्तरांची चूक वाचावयास विद्यार्थ्यांना नेहमीच आवडते, हाही हिशेब त्यात आहे.

२०२१ साली आम्ही कोकण सोडून ग्वाल्हेरला आलो. या शहराच्या लष्कर भागात नया बाजार नावाची पेठ आहे. तेथे दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला, त्या जागेलाच पुढे ‘लष्कर’ हे नाव मिळाले आणि तळाचे शहर झाले. त्यामुळे येथील गल्ल्यांतून चालताना एखाद्या जुन्या दारावर कुळकर्णी, शितोळे अशी पाटी अकस्मात दिसते आणि परक्या मुलखात आपले माणूस भेटल्यासारखे वाटते. खाली दिवसभर दुकानदारांची हाकाटी, ई-रिक्षांचे भोंगे. थंडीत तिळाच्या गजकेचा खमंग वास थेट आमच्या खिडकीपर्यंत येतो. अशा वस्तीत आमच्या घरी तीन भाषा नांदतात. जेवताना व भांडताना कोंकणी, वाचताना मराठी, आणि जिना उतरला की हिंदी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमच्या कथेत तिला काम आहे.

आमच्या मुलीला आम्ही घरी ‘बाय’ म्हणतो. येथेही तेच नाव पुरे. येथे आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. समुद्र नाही, माडावर चढणारी माणसे नाहीत, ओळखीची एक मैत्रीण नाही, म्हणून ती कष्टी असे. तेव्हा गल्लीपलीकडच्या एका लहानशा व्यायामशाळेत आम्ही तिला नेऊन बसविले. तेथील वृद्ध गुरुजी मुलांना मल्लखांब शिकवीत. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे जीवन दिले, आणि शिष्यपरंपरेने ती देशभर पसरली. मध्य प्रदेशाने तर २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गुरुजींच्या व्यायामशाळेत मात्र पुरस्कार वगैरे काही नव्हते. एरंडेल पिऊन काळाभोर झालेला एक खांब, छताला टांगलेला एक सुती दोर, आणि खाली विरलेल्या दोन गाद्या, एवढीच संपत्ती.

बाय दोराला बिलगली ती बिलगलीच. साधी अढी, मग दसरंग, मग सुईदोरा. गाठ न मारता केवळ शरीराच्या वेढ्याने दोरावर स्वतःला तोलून धरावयाचे, यात तिला इतका आनंद वाटे की आठवड्यातले तीन दिवस तिला कमी पडत. दोरावरून उतरल्यावर तळवे लाल झालेले असत, ते ती फुशारकीने दाखवी. “बाबा, पळय!” हे दोन कोंकणी शब्द त्या दोन वर्षांत आम्ही किती वेळा ऐकले असतील, त्याची गणती नाही.

२०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धा मध्य प्रदेशात भरल्या. मल्लखांब उज्जैनला आणि जिम्नॅस्टिक्स आमच्या ग्वाल्हेरला. व्यायामविद्येशी या शहराचे नाते तसे जुने आहे. १८५८ साली राणी लक्ष्मीबाई येथेच धारातीर्थी पडल्या. सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९५७ साली, त्यांच्या नावाने केंद्र सरकारने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय येथे काढले. आज ते राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखले जाते. स्पर्धेच्या त्या दिवसांत बायने मोठ्या मुलींना तुळईवर चालताना पाहिले. ती तुळई पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला अवघी दहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या तळहाताहून थोडी अधिक. तीवर मुली मागे कोलांट्या घेत होत्या. बायचे डोळे विस्फारले. आमचेही विस्फारले, आणि खरे सांगावयाचे तर आमचेच अधिक.

त्याच वर्षी गुरुजी म्हणाले, “मास्तर, हिला आता पुढे पाठवा. माझ्याजवळ होते ते दिले. आता गाद्या चांगल्या हव्यात, साधने हवीत, तिच्याहून सरस मुली भोवती हव्यात.” शिष्याला स्वतः होऊन दुसऱ्याच्या हाती सोपविणारा शिक्षक विरळा. आम्ही त्यांना नमस्कार केला आणि दुसऱ्याच दिवसापासून चौकशीला लागलो.

शहरातील एका प्रशिक्षण केंद्रात स्पर्धेसाठी मुलींची निवड चालू होती. तीन दिवसांच्या जागी तेथे सहा दिवस, आणि एका तासाच्या जागी तीन तास. आम्ही शिक्षक असल्यामुळे प्रश्नांची यादी करून गेलो. शुल्क किती, गाद्यांची जाडी किती, एका प्रशिक्षकामागे मुली किती, शाळेच्या परीक्षांच्या वेळी सवलत मिळते किंवा नाही. उत्तरे समाधानकारक मिळाली. प्रशिक्षक शिस्तीचे होते, परंतु आवाज चढविणारे नव्हते. चाचणीत बाय निवडली गेली आणि आम्ही महाराज बाड्यावरून मिठाई घेऊन घरी आलो. आमच्या यादीत सोळा प्रश्न होते. त्यांतील एकही आम्ही बायला विचारलेला नव्हता, हे मिठाईच्या गडबडीत आमच्या लक्षात आले नाही.

पहिले काही महिने सुरळीत गेले. या खेळात मुलींना चार प्रकार करावे लागतात: घोड्यावरील उडी, एक उंच व एक सखल अशा दोन दांड्या, तुळई, आणि बारा मीटर चौरस जमिनीवरील कसरती. गुणदानही गुंतागुंतीचे. कसरत किती अवघड याचे गुण वेगळे, ती किती सफाईने केली याचे वेगळे. सफाईचे गुण दहातून मोजतात आणि चुकीगणिक वजाबाकी होत जाते. साधनावरून पडल्यास पूर्ण एक गुण जातो. वजाबाकीचा हा हिशेब आमच्यातील मास्तराला फार भावला. आम्ही एक वही घातली. आज कोणती कसरत जमली, कोणती राहिली, पाय कोठे वाकला, सारे आम्ही त्या वहीत लिहू लागलो. रात्री जेवताना वही उघडत असू. शाळेच्या शिक्षकदालनात आणि खालच्या किराणा दुकानात आम्ही अभिमानाने सांगत असू, “आमची मुलगी कितीही पडली तरी रडत नाही.” बाय शेजारी उभी राहून हे ऐकत असे.

मध्यंतरी काही गोष्टी बदलल्या. “बाबा, पळय!” हे शब्द ऐकू येईनासे झाले. पाण्याचा तांब्या ती डाव्या हाताने उचलू लागली. लिहिताना अक्षर तिरपे येऊ लागले, त्याबद्दल आम्ही तिला दोनदा बोललोही. केंद्रातून तिला आणावयास जावे तर प्रशिक्षक विचारीत, “सब ठीक?” आणि ती हसून म्हणे, “सब ठीक, सर.” आम्ही मराठीतून विचारले तर, “काही नाही, बाबा.” आमच्या मंडळींनी मात्र एकदा हटकले, “मुलीचा चेहरा उतरला आहे, तुमच्या वहीत लिहिले आहे का ते?” आम्ही हसण्यावारी नेले.

जानेवारी २०२४ मधील एक रात्र. बाहेर दाट धुके होते. मध्यरात्री जाग आली तो अंथरुणातून बारीक हुंदका ऐकू आला. दिवा न लावता आम्ही तिच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने अंधारातून शब्द आले, “बाबा, म्हजो हात दुखता.”

हात दुखतो, एवढेच. हिंदीत आणि मराठीत जे तिने दोन महिने दडविले, ते काळोखात घरच्या भाषेत बाहेर पडले. आधी का सांगितले नाहीस, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुमीच सांगतात न्हय, आमचें बाय केन्नाच रडना म्हूण.”

आमची बाय कधीच रडत नाही, असे तुम्हीच ना सांगता! वाचकहो, आजवर अनेक परीक्षकांनी, तपासनिसांनी आणि मुख्याध्यापकांनी आमच्या चुका दाखविल्या आहेत. इतक्या थोडक्या शब्दांत आणि इतक्या अचूकपणे कोणी दाखविली नव्हती.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. क्ष-किरण चित्र पाहून त्यांनी समजावून सांगितले ते असे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड लांबते ते तेथून. पक्क्या हाडापेक्षा हा पट्टा नाजूक असतो. या खेळात हातांना पायांचे काम करावे लागते, आणि सबंध शरीराचा भार पुनःपुन्हा मनगटावर येतो. वेळीच विसावा मिळाला तर दुखणे बहुधा पूर्ण बरे होते. ते दडपून खेळत राहिल्यास हाडाच्या वाढीलाच धक्का बसू शकतो. “सहा आठवडे हातावर भार नको,” डॉक्टर म्हणाले, आणि मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, “इतके दिवस बोलली कशी नाही?” आम्ही कलाशाखेचे पदवीधर, शरीराच्या शास्त्रातले आम्हांला फारसे कळत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या शास्त्रात नव्हतेच.

प्रशिक्षकांकडे गेलो तो मनात थोडा राग धरूनच. ते शांतपणे म्हणाले, “मला एका शब्दाने कळले असते तर त्याच दिवशी थांबविले असते. मुली बोलत नाहीत, तेव्हा मी घरच्यांना विचारतो. तुम्हांलाही विचारले होते. तुम्ही म्हणालात, ही रडणारी मुलगी नाही.” आमचा राग जागच्या जागी विरला.

त्या सुमारास शेजारच्या एका वृद्ध संगीतशिक्षकांनी एक आख्यायिका सांगितली. ग्वाल्हेर गायकीतले हद्दूखाँ व हस्सूखाँ हे बंधू प्रसिद्धच आहेत. एका मैफलीत हस्सूखाँनी अतिशय बिकट अशी तान घेतली. श्रोत्यांनी ती पुन्हा मागितली. दुसऱ्यांदा घेताना त्यांच्या तोंडून रक्त आले. तेव्हा घरच्याच वडीलधाऱ्या माणसाने, मरावयाचेच असेल तर तान पुरी करून मर, असे त्यांना सांगितले, आणि त्यांनी ती पुरी केली. पुढे ते फार जगले नाहीत असे म्हणतात. ही कथा येथे कलेच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. पूर्वी आम्हीही वर्गात ती तशीच सांगितली असती. त्या दिवशी मात्र आमचे लक्ष गवयाकडे गेले नाही. ते त्या वडीलधाऱ्या माणसाकडे गेले. हातात वही घेतलेले आम्हीच तेथे बसलो आहोत, असा भास झाला.

सहा आठवडे बाय नुसती पाय, पोट व पाठ यांचे व्यायाम करी. नंतर आम्ही तिला केंद्रात न पाठविता पुन्हा गुरुजींच्या दोराकडे नेले. गुरुजींनी एक शब्दही टाकून बोलले नाहीत. “दोर कोठे जात नाही,” एवढेच म्हणाले. वही आम्ही कपाटावर ठेवून दिली.

त्या वर्षी पॅरिसचे ऑलिंपिक झाले. अमेरिकेची सिमोन बाइल्स तेथे तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकली. बायने तिचे सारे कार्यक्रम पाहिले. तेव्हा आम्ही तिला आधीची हकीकत सांगितली. २०२१ साली तोक्योत हीच सिमोन सांघिक अंतिम फेरीत पहिल्याच उडीनंतर बाजूला झाली होती, कारण हवेत गिरकी घेताना आपले शरीर कोठे आहे याचे भान सुटत असल्याचे तिला जाणवले, आणि तसे तिने उघड सांगितले. साऱ्या जगाच्या देखत ‘आज मला जमत नाही’ म्हणालेली खेळाडू तीन वर्षांनी परत आली आणि जिंकली. बायने विचारले, “तिला कोणी रागावले नाही?” रागावले असतील, परंतु तिने आपल्या शरीराचे ऐकले, असे आम्ही उत्तर दिले.

घाई कोणाला असते, याचाही आम्ही विचार केला. १९७६ साली माँट्रियलला रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. गुणफलकावर दहा दाखविण्याची सोयच नसल्यामुळे त्यावर १.०० असा आकडा झळकला. त्या आकड्याने जगभरच्या किती आईबापांची झोप उडविली असेल! पुढे मुलींच्या प्रकृतीचा विचार करून वयाची अट वाढत गेली. १९९७ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरण्यासाठी मुलीने त्या वर्षी सोळावे वर्ष गाठलेले असले पाहिजे. म्हणजे ऑलिंपिकचे दार जर सोळाव्या वर्षी उघडते, तर नवव्या वर्षी आम्ही कोणत्या गाडीची वेळ गाठत होतो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये दीपा कर्माकरने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिची कथाही घरात निघाली. त्रिपुरातील आगरताळ्याची ही मुलगी. तळपाय सपाट, म्हणजे उडीला प्रतिकूल. सहाव्या वर्षापासून सोमा नंदी आणि बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली ती शिकली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये घोड्यावरील उडीत तिला १५.०६६ गुण मिळून चौथा क्रमांक आला, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. २०१७ साली तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८ साली तुर्कस्तानातील मर्सिन येथे विश्वचषक स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळविले. तिच्या कष्टांबद्दल बोलणे सोपे आहे. आम्हांला त्या दिवशी अधिक मोलाचे वाटले ते हे, की ज्या हातांनी तिला पहिली कोलांटी शिकविली, तेच घर अखेरपर्यंत तिच्या पाठीशी होते. तिचे काय दुखते हे त्या घराला ठाऊक असणार.

दिवाळीनंतर एके दिवशी बाय स्वतः म्हणाली, “मला पुन्हा मोठ्या ठिकाणी जायचे आहे.” या वेळी आम्ही मिठाई आणली नाही. कपाटावरची वही काढली, शेवटचे कोरे पान उघडले आणि लेखणी तिच्या हाती दिली. आम्ही तिघांनी बसून तीन कलमे ठरविली. पहिले: दुखले तर त्याच दिवशी सांगावयाचे, कोणत्याही भाषेत. दुसरे: आरंभी चार दिवसच जावयाचे, पाचवा दिवस वाढवावयाचा की नाही, हे बायने ठरवावयाचे. तिसरे: नको वाटले तर परत येता येईल, आणि आला तो खर्च व गेला तो वेळ यांविषयी घरात कोणी अवाक्षर काढावयाचे नाही. तिसऱ्या कलमाखाली तिने आमची सही घेतली. प्रशिक्षकांनाही आम्ही ते पान दाखविले. त्यांनी हसून एक कलम जोडले: सराव संपल्यावर ‘सब ठीक?’ असे विचारण्याऐवजी ते ‘आज काय दुखले?’ असे विचारतील.

२०२५ साली बायची पहिली लहानशी स्पर्धा झाली. ती तुळईवर चढली, दोन पावले छान टाकली, आणि वळताना पडली. पूर्ण एक गुण गेला. पुन्हा चढून तिने कसरत पुरी केली. तिचा क्रमांक बक्षिसाच्या आसपासही नव्हता. परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. फूलबागेशी राणीच्या समाधीजवळून रिक्षा जात असता ती आमच्या कानाशी लागून म्हणाली, “बाबा, वळतना हांव भियेलें.” वळताना मी भ्याले.

आम्ही तिचा हात हातात घेतला. मनगट सावकाश फिरवून पाहिले. दुखत नव्हते. मग घरी आल्यावर, जिना चढता चढता, ती एकाएकी थांबली आणि कठड्याच्या अरुंद कडेवर पाऊल ठेवून ओरडली, “बाबा, पळय!” तेथून तिला खाली उतरविताना आम्ही रागावल्याचे सोंग केले. तशा सोंगात आम्ही फारसे तरबेज नाही.

विद्यार्थिमित्रहो, वरची पायरी चढावी. न चढणाऱ्याला वरचे दिसत नाही. पण चढताना पाय दुखला तर दुखला म्हणावे. त्याने पायरी पळून जात नाही. आणि पालकहो, आपल्या मुलाला अधिक अवघड वाटेवर पाठविण्यापूर्वी यादी अवश्य करा; आमच्या यादीतले सोळाही प्रश्न उपयोगी होते. परंतु सतरावा प्रश्न पहिल्या क्रमांकावर लिहा, आणि तो मुलालाच विचारा. उत्तर ऐकण्यासाठी दिवा थोडा मालवावा लागला, तर तेवढे करण्यास संकोच करू नका.